उशीखालची पोळी

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी आम्ही सहा वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) आहे. उजवा हात-पाय ताठ राहतो, भिंतीला धरून चालते. पोटभर जेवूनही पोळीचे तुकडे, शेव उशीखाली लपवते. मुंग्या होतात, सासूबाई ओरडतात. थेरपी, शाळा, रात्रीची जागरणं यांनी मी पार थकले आहे. पण बोलले तर लोक म्हणतात, "तुम्हीच तर आणलीत!" आता दत्तक संस्थेच्या ताई भेटीला येणार आहेत. खरं सांगितलं तर मुलीला परत नेतील का? — एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : अहो, आई थकली म्हणून कुणी लेक नेत नाही. दत्तकाचा आदेश झाला (सप्टेंबर २०२२ पासून तो कोर्टाऐवजी कलेक्टर देतात), की ती कायद्याने पोटच्या मुलीसारखीच तुमची. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी या ताई येतात, त्या काही झडती घ्यायला नव्हे. मूल घरात रुळत नसेल तर संस्थेने किंवा जिल्हा बाल संरक्षण युनिटने समुपदेशनाची सोय करायची, असं नियमातच आहे. "सगळं छान" म्हणून तुम्ही पोहे-जिरावण पुढे केलंत, तर त्या बिचाऱ्या तेच लिहून जातील.

लपवण्याचं म्हणाल, तर आमचा लेक घरी आला तेव्हा त्याच्या चड्डीच्या खिशात भात सापडायचा. पुढचं जेवण मिळेल याची ज्या पोराला खात्री नसते, ते साठवतं. ती चोरी नव्हे आणि ओरडून तर ती सवय वाढतेच. तिला तिचं स्वतःचं छोटं कटोरदान द्या, डाव्या हाताने उघडेल अशा झाकणाचं. रोज रात्री तिच्यासमोर भरा, उशाशी ठेवा, सकाळी मुकाट्याने बदला. सासूबाईंना सांगा, मुंग्यांचा बंदोबस्त झाला! मात्र त्यात शेव नको. सेरेब्रल पाल्सीत काही मुलांना चावायला-गिळायला जड जातं आणि अंथरुणात आडवं पडून कोरडं खाल्लं तर ठसका लागतो. मऊ पोळी, केळं ठेवा. खायचं ते उठून बसूनच. पाणी पितानाही खोकत असेल, तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, गिळण्याची तपासणी तेच करतात.

रात्री ती का उठते, तेही बघा. पाय आवळून येतात, कूस बदलता येत नाही, की घाबरते? दुखण्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. फिटच्या झटक्यासारखं वाटलं, तर मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा.

कागदपत्रं यजमानांवर सोपवा. आधी दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र, मग केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. आणि आठवड्यातून एकदा तरी थेरपीला त्यांनीच घेऊन जावं. तेवढ्या वेळात तुम्ही स्वयंपाकघर आवरू नका, झोपा.