नवरदेव ‘वास्तुविशारद’ कसा झाला?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे : “मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. लग्नपत्रिकेत एकही इंग्रजी शब्द नको असा त्याच्या आजोबांचा हट्ट. छापखान्यातल्या मुलाने नावाखाली ‘संगणक वास्तुविशारद’ असं जुळवलं, मग ओळीत मावेना म्हणून ‘संगणक’ उडवलं. चारशे पत्रिका वाटून झाल्या. परवा अक्कलकोटच्या मामांचा फोन, की शेतातल्या तीन खोल्यांचा नकाशा तेवढा काढून दे. तर बरोबर शब्द कोणता? आणि हा आर्किटेक्ट डिझायनरपेक्षा वेगळा असतो का?”

ताई, छापखान्यातल्या पोराला बोल लावू नका. त्याने कोश उघडला असता तरी हेच हाती लागलं असतं. आर्किटेक्ट म्हणजे वास्तुविशारद. सरकारी बांधकाम खात्यात त्यालाच ‘वास्तुशास्त्रज्ञ’ म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की लोक स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का ते बघायला लागतात. ‘स्थापत्य’ घ्यावं तर आपल्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांनी तो शब्द सिमेंट-वाळूला कायमचा देऊन टाकला आहे. ‘रचनाकार’ कवीसारखा वाटतो. ‘अभिकल्पक’ मी एकदा एका निविदेच्या मराठी मसुद्यात वापरला होता, तो वाचून समोरच्या साहेबांनी विचारलं, “हे कोण? यांनाही बैठकीला बोलवायचं का?”

पहिल्या दोन्ही शब्दांची अडचण एकच. ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’, म्हणजे राहणे, या धातूवरून आला. त्यामुळे त्याच्यामागून घर येतंच. सॉफ्टवेअरमध्ये राहायला कोणी जात नाही, माझी हिंजवडीची भाची सोडली तर.

मग इंग्रजीवाल्यांना घराची उपमा कशी चालली? तर संगणकाच्या धंद्यात हा शब्द आला तेव्हा त्याचा रोख विटा-भिंतींवर नव्हताच. एप्रिल 1964 मध्ये आयबीएम या अमेरिकी कंपनीने ‘सिस्टीम 360’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. एकदम सहा मॉडेलं, लहानापासून मोठ्यापर्यंत, पोटातली यंत्रणा प्रत्येकाची निराळी. पण एकावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायला हवा. त्याच महिन्यात अ‍ॅमडाल, ब्लाउ आणि ब्रूक्स या आयबीएमच्याच तिघा अभियंत्यांनी जो निबंध छापला, त्यात आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्र जसं दिसतं ते, असा अर्थ ठरवून घेतला. आत तारा कशा जोडल्या, हा वेगळा विषय. ब्लाउ यांनी यासाठी घड्याळाचं उदाहरण दिलं आहे. तबकडी, काटे आणि किल्ली हे घड्याळाचं आर्किटेक्चर. पोराला ते एकदा समजलं की मनगटावरचं घड्याळ असो की मनोऱ्यावरचं, वेळ सांगता येते. आतली चाकं कशी फिरतात ते त्याला कळायची गरज नाही.

या अर्थाला मराठीत एक सुंदर शब्द पडून आहे : घाट. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट. पण ‘सॉफ्टवेअरचा घाट’ म्हटलं की ‘घाट घालणे’ आठवतं, आणि मंत्रालयातल्या एखाद्या योजनेसारखा वास येतो. म्हणून आर्किटेक्चरसाठी मी ‘घडण’ वापरतो. ‘या प्रणालीची घडण चुकली आहे’ हे वाक्य पतसंस्थेच्या संचालकालाही एका झटक्यात कळतं, हा माझा अनुभव आहे. कसा आला ते पुढे सांगतो.

हे झालं वस्तूचं. माणसाचं काय?

मूळ ग्रीक शब्द आहे ‘आर्खितेक्तोन’. ‘आर्खि’ म्हणजे प्रमुख, आणि ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार. हा तेक्तोन आपल्या संस्कृत ‘तक्षन्’चा सख्खा चुलतभाऊ, त्याच ‘तक्ष्’ धातूपासून मराठीतलं ‘तासणे’ आलं. म्हणजे आर्किटेक्ट हा शब्द घरातून नव्हे, लाकडाच्या भुशातून वर आला आहे. आणि आपला ‘सुतार’? तो आला ‘सूत्रधार’वरून. सूत धरणारा. गेरूत किंवा निळीत भिजवलेली दोरी फळीवर ताणायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, फट्‌ करून रेघ उमटली की मगच करवत लावायची. चित्तोडच्या राणा कुंभाचा पंधराव्या शतकातला स्थपती मंडन आपल्या नावामागे अभिमानाने ‘सूत्रधार’ लावायचा. तिकडे ग्रीकांचा प्रमुख सुतार, इकडे आपला सूत्रधार; दोघांच्या हातात हत्यार एकाच पेशाचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. सॉफ्टवेअर आर्किटेक्टला मराठी शब्द द्यायचाच असेल तर ‘सूत्रधार’. (वर्तमानपत्रांनी या शब्दाची काय दशा केली आहे ते मला ठाऊक आहे. ‘मुख्य सूत्रधार अद्याप फरार’ या मथळ्याखेरीज तो आता सहसा दिसत नाही. पत्रिकेवर छापला असता तर मामांनी नकाशा मागितला नसता, वकील सुचवला असता.)

शब्द मला का भावतो, ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. सूतगिरण्यांचं गाव हे. जकार्ड मागावरची भोकांची कार्डं आणि संगणकाची कार्डं यांची भावकी आता शाळेतली पोरंही सांगतात : 1804 चा फ्रान्समधला जकार्ड, त्याच्यावरून संगणकाचा आद्य आराखडा करणाऱ्या बॅबेजने उचललेली कल्पना. खरंच आहे ते. चादरीवरचा मोर बदलायचा तर माग उकलावा लागत नाही, कार्डांची माळ बदलली की झालं. पण मला त्या कार्डांपेक्षा ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, जास्त वाटतं. पूर्व भागात, म्हणजे इथल्या विणकरांच्या वस्तीत, लहानपण गेलेल्या कुणालाही विचारा. बाणा, म्हणजे आडवा धागा, धोट्यातून येतो. त्याचा रंग तुम्ही चादर निम्मी विणून झाल्यावरही बदलू शकता. ताण्याचं तसं नाही. उभे धागे किती, कुठल्या रंगाचे, पन्हा किती, हे बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, भरतानाच ठरतं. त्याला खळ लागली, धागे फणीतून ओवून झाले, बीम मागावर चढलं, की मग ते संपेपर्यंत तुम्ही त्याचे बांधील. पुढच्या कितीतरी चादरी त्या एका निर्णयाच्या.

सॉफ्टवेअरमध्ये असे ताण्याचे निर्णय कुठले, ते आधी ओळखणं हे आर्किटेक्टचं काम. बाकीचे बाण्याचे, ते विणणाऱ्यावर सोडावेत.

मला हे फार उशिरा कळलं. वर्षानुवर्षं मी इथल्या लहानमोठ्या संस्थांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातली एक पतसंस्था, नाव राहू दे. खातेक्रमांक सहा आकडी ठेवला आणि पहिला आकडा शाखेचा केला. किती सोयीचं! नंबर बघितला की खातं कुठलं ते कळतं. मॅनेजर खूश, मीही खूश. तेव्हा त्यांच्या शाखा होत्या चार. दहावी शाखा निघाली तेव्हा माझ्याकडचे आकडे संपले. त्यात दोन जुन्या शाखा एकत्र केल्या, म्हणजे तीनने सुरू होणारी खाती पाचच्या शाखेत बसली. पासबुकं छापलेली, सभासदांना नंबर पाठ, कर्जाच्या कागदांवर तेच नंबर, वसुलीच्या याद्यांवर तेच. प्रोग्रॅममधली ओळ बदलायला मला अर्धा तास लागला असता. पण तो नंबर आता माझ्या प्रोग्रॅममध्ये राहिलाच नव्हता, तो गावात पसरला होता. पुढची दोन वर्षं मी पट्ट्या मारत होतो. नोंदीची ओळख पटवणाऱ्या आकड्यात दुसरी माहिती कोंबू नये, हे आज कुठलाही जाणता माणूस पहिल्याच दिवशी सांगेल. मी मात्र त्या काळात पडद्यावरच्या रंगांवर तीन बैठका घेतल्या होत्या, आणि खातेक्रमांक चहा पिता पिता ठरवला होता.

ब्रूक्स यांनी 1975 मध्ये लिहिलं, की प्रणालीत चार चांगल्या सोयी कमी असल्या तरी चालतील, पण ती एकाच विचाराने बांधलेली हवी. दहा जणांच्या दहा उत्तम पण न जुळणाऱ्या कल्पना नकोत. त्यांच्या त्या संकल्पनेला मराठीत शब्द शोधायला गेलो तर तो तयारच होता : एकसूत्रीपणा. पुन्हा सूत! मग ते राखणारा सूत्रधार नाही तर कोण?

आता आखणारा आणि बांधणारा यांच्यातल्या अंतराबद्दल. ‘मयमत’ या जुन्या वास्तुग्रंथात चार कारागीर सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपती सगळं ठरवतो, सूत्रग्राही सूत लावून मापं धरतो, तक्षक तासतो, वर्धकी जोडतो. पण स्थपतीला सगळ्या विद्या यायला हव्यात अशी अटही तिथेच आहे. ही अट आजकाल विसरली जाते. ज्याने पाच वर्षांत प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही, तो चौकोन आणि बाण काढून निघून जातो, आणि ते चौकोन एकमेकांशी बोलत का नाहीत हे शोधत पोरं रात्रभर बसतात. याला आपल्याकडे ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ म्हणतात. घराचा आर्किटेक्ट नकाशा देऊन बाजूला होऊ शकतो, कारण बांधणारे वेगळे असतात. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम हाच शेवटचा, बारीकसारीक नकाशा. बांधकाम काय ते यंत्र करतं, क्षणात. तिथे नकाशावाला आणि गवंडी अशी वाटणी करायला गेलं की घोळ होतो. म्हणून मला खासगीत ‘मिस्त्री’ हा शब्दही आवडतो. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला, अर्थ उस्ताद. ओळंबा खिशात, नजर भिंतीवर, आणि वेळ पडली तर थापी स्वतः हातात घेणारा.

आणखी एक गोष्ट ‘वास्तुविशारद’मध्ये येत नाही. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्ये म्हटलं, की ज्या संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिने आखलेल्या प्रणालीची रचना होते. सोलापुरातला एखादा जुना वाडा बघा. तीन भावांचं पटत नाही, तर तीन जिने, तीन नळ, आणि चौकातल्या तुळशीला कोणीच पाणी घालत नाही. आर्किटेक्टचा निम्मा वेळ कागदावर न जाता या भावांना एका बैठकीत बसवण्यात जातो. सूत जुळवणं म्हणतो आपण त्याला. ताई, मुलगा फोनवर फार बोलतो अशी तुमची तक्रार असेल तर ती कामाचीच बोलणी आहेत असं समजा. बहुतेक.

डिझायनरचं विचारलंत. फरक प्रकाराचा नाही, ताण्याचा आहे. दोघेही आखतात. ज्याच्या चुकीपायी बीम उतरवावं लागतं तो आर्किटेक्ट. काही कंपन्यांत मात्र दहा वर्षं नोकरी झाली की हा किताब आपोआप मिळतो, तेव्हा व्याख्या फार ताणू नये.

पत्रिकेवर काय हवं होतं? माझ्या मते देवनागरीत ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’. आजोबांना सांगा की ‘टेबल’ आणि ‘पेन’ मराठी झाले तसा हाही होईल. विभक्ती लावून बघा, ‘आर्किटेक्टाने’ म्हणा की ‘आर्किटेक्टने’, दोन्ही जिभेवर बसतात. ‘सूत्रधार’ लेखात, भाषणात वापरावा, जिथे दोन वाक्यं जास्तीची लिहायला जागा असते. ‘घडण’ तर बिनधास्त कुठेही.

राहिले मामा. भारतात 1972 च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय नुसतं ‘आर्किटेक्ट’ असं बिरुद लावता येत नाही, तेव्हा नकाशासाठी त्यांनी तसा नोंदणी असलेला माणूस गाठावा. नवरदेवाला एवढंच विचारावं, की पुढेमागे चौथी खोली काढायची झाली तर दार कुठल्या भिंतीत ठेवू.