जुन्या वाड्याची सागवानी तुळई मधोमध वाकली आहे. लोखंडी गर्डर घालावा का?

तुम्ही लिहिलंय की पेठेतल्या तुमच्या वाड्यात माडीखालची तुळई वाकलीय आणि कंत्राटदार गर्डर घाला म्हणतोय. थोडं थांबा. आधी तुळईची टोकं बघा.

वाक डोळ्यात भरतो, पण वर्षानुवर्षं भार पेलणारं लाकूड हळूहळू वाकतंच. वाईच्या आमच्या घरातली एक तुळई मी लहानपणापासून वाकलेलीच पाहतोय, ती अजून ठणठणीत आहे. दगा दिला तो शेजारच्या सरळ दिसणाऱ्या तुळईनं. भिंतीत गेलेलं तिचं टोक मोरीच्या पाण्यानं कुजलं होतं. वरून सिमेंटचा गिलावा, त्यामुळे ओल आतच कोंडलेली. दाभण टोचलं तर बोटभर आत गेलं!

लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली असली की कूज धरत नाही. म्हणून पहिला खर्च मोरी आणि पन्हाळीवर करा. तुळई हातोडीनं ठोकत जा; भद्द आवाज आला तिथे दाभण टोचा. लांबीच्या रेषेतल्या चिरा बहुतेक वाळण्याच्या असतात. खालच्या अंगाला लांबीला छेदणारी आडवी चीर दिसली तर मात्र त्याच दिवशी टेकू द्या, आणि तो थेट जमिनीवर उभा राहू दे, खालच्या माडीच्या फळ्यांवर नको.

टोक कुजलं असेल तर तेवढं कापून मुरलेलं सागवान जोडता येतं, किंवा दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराची लांब पट्टी) लावून आरपार बोल्ट मारतात. चॅनेल भिंतीवर नीट टेकलं पाहिजे, नाहीतर ते तुळईवरचं नुसतं ओझं. मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. जॅकनं वाक सरळ करायचा हट्ट धरू नका, लाकूड तडकतं. आणि माडीवर कोबा कृपया घालू नका: 10 बाय 10 च्या खोलीत दोन इंची थर म्हणजे टनाहून जास्त वजन.

लक्ष ठेवायला दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणा आणि मधोमध दोरी आणि तुळई यांच्यातलं अंतर दर महिन्याला मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून जूनचा आकडा पुढच्या जूनशीच ताडून पाहा. वाक वाढतच असेल तर इंजिनिअरला वहीसकट बोलवा.

मोरी तुळईच्या कोणत्या टोकाला आहे, ते कळवाल का?