मुलानं पास दिला, त्यात चुकलं काय?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या अकादमीत दोन वर्षांपासून स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, म्हणून खेळतो. यंदा त्याला बहुतेक वेळा बदली खेळाडू म्हणूनच उतरवतात. जिंकण्याची भूक यावी म्हणून मी प्रत्येक गोलला रोख बक्षीस ठेवलं आहे, त्याचा हिशेब वहीत लिहितो. तरी तीन आठवड्यांपूर्वी, गोलरक्षक पुढे धावून आलेला असताना, यानं फटका मारायचा सोडून डावीकडे पास दिला. गोल दुसऱ्याच्या नावावर! येताना गाडीत मी त्याला खूप बोललो. हल्ली तो मागच्या सीटवर इअरफोन घालून बसतो. मोठे खेळाडू स्वतःला कसे पेटवतात? एखादा मोटिव्हेशनचा कोर्स सुचवा. अभ्यासात मार्क साधारण आहेत.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मागच्या सीटपाशी अडकलो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटते. सामना संपला की मुलगा दमलेला असतो, स्वतःच्या चुका डोक्यात फिरत असतात, प्रशिक्षकाचं ऐकून झालेलं असतं. त्यात गाडीचं दार लागलं की उठून जायलाही वाव नाही. मग तो इअरफोन घालतो. परतीच्या वाटेवर सामन्याबद्दल बोलणं आजपासून बंद करा. त्यानं विषय काढला तर ऐका, आणि ऐकूनच घ्या.

आता तो पास. गोलरक्षक अंगावर आला, त्यामुळे फटक्याचा कोन अरुंद झाला. डावीकडे सहकारी मोकळा होता, म्हणजे त्याच्यासमोर जवळजवळ रिकामी जाळी. सोळाव्या वर्षी, अर्ध्या सेकंदात, तुमच्या मुलानं मान वर करून हे पाहिलं, आणि तेही घरी त्या गोलचे पैसे मिळणार नाहीत हे माहीत असताना. ज्याला तुम्ही भूक नाही म्हणता, त्याला प्रशिक्षक खेळाची समज म्हणतात. ती शिकवायला वर्षं जातात. तुमची वही त्याच्याकडून ती काढून घेते आहे.

बऱ्याच पालकांना वाटतं की व्यावसायिक खेळाडू पैशासाठी धावतात, तेव्हा मुलालाही तीच सवय लावावी. पैसा महत्त्वाचा असतोच. कारकीर्द साधारण पस्तिशीपर्यंत आटोपते, घर त्यावर चालतं, काही करारांत गोलचा बोनसही असतो. पण तो वर्षानुवर्षं मुरलेल्या खेळाडूला मिळतो, आणि त्यानं पास दाबून ठेवला तर त्याला बाहेर बसवणारा प्रशिक्षक डोक्यावर असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971मध्ये कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांना कोड्यामागे पैसे दिले होते, त्यांचे पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोडी हातात घेणं कमी झालं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या आतल्या ओढीमागे तीन गरजा मांडल्या: निर्णय आपला असावा, आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि आपण कुणाचे तरी असावं. बाकावर बसलेल्या तुमच्या मुलाला या तिन्हींची चणचण आहे.

बक्षीस कशाला द्यावं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 2015-16च्या मोसमात इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबवर सुरुवातीला प्रत्येक सामन्यात गोल होत होते. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी कबूल केलं की एका सामन्यात गोल खाल्ला नाहीत तर पिझ्झा माझ्याकडून. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवल्यावर ते सगळ्यांना घेऊन गेले आणि पिझ्झा खेळाडूंनाच बनवायला लावला. बक्षीस अख्ख्या संघाला, आणि तेही गोल न खाल्ल्याबद्दल, म्हणजे ज्या कामात स्ट्रायकरलाही मागे धावावं लागतं त्याबद्दल. त्या मोसमात प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च साखळी स्पर्धा, त्यांनीच जिंकली. त्यांचा स्ट्रायकर जेमी वार्डी याला किशोरवयात शेफिल्ड वेन्स्डे या क्लबनं सोडून दिलं होतं; मधल्या काळात तो कारखान्यात काम करत खालच्या पातळीवर खेळत राहिला.

उलट 2010च्या विश्वचषकात फ्रान्सकडे नावाजलेल्या खेळाडूंची वाण नव्हती. प्रशिक्षकाशी झालेल्या वादावरून स्ट्रायकर निकोला अनेल्काला घरी धाडलं, तेव्हा बाकीच्यांनी सराव करायला नकार दिला. एकही सामना न जिंकता संघ गटातच बाहेर पडला. आपसातला विश्वास गेला की कुठलाच कोर्स कामाला येत नाही.

बाकावर बसण्याला तुम्ही शिक्षा समजू नका. 1999च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 90 मिनिटं संपली तरी मँचेस्टर युनायटेड एका गोलनं मागेच होता. भरपाई वेळेतले दोन्ही गोल शेरिंगहॅम आणि सोल्स्क्येर या बदली खेळाडूंनी केले. मात्र आपल्याला का बसवतात आणि काय सुधारायचं, हे मुलानं स्वतः प्रशिक्षकांना विचारावं. तुम्ही मध्ये पडू नका.

शाळा सोडायची नाही. साधारण मार्कांतूनही पुढे फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान किंवा प्रशिक्षणाकडे जाता येतं. तो निर्णय आजचा नाही.

कोर्सची फी वाचवा. या आठवड्यात मुलाला जवळ बसवा, वही त्याच्यासमोर बंद करा, आणि तीन आठवड्यांपूर्वीचा तो पास बरोबर होता हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगा.