तिकीट आधी की व्हिसा?

प्रश्न : यंदा केळीला बरा भाव मिळाल्याने मी व धाकटा भाऊ २०२६ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा पाहण्यास जाऊ इच्छितो. सामन्याचे तिकीट हाती असल्यास व्हिसा आपोआप मिळतो का? – एक वाचक, रावेर

उत्तर : नाही. तिकीट आपणांस केवळ मैदानात नेते. देशात प्रवेश व्हिसावरच मिळतो. ही स्पर्धा ११ जून ते १९ जुलै या काळात अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील १६ शहरांत होणार असल्याने, कोणत्या देशातील सामने पाहायचे हे प्रथम ठरवावे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकास मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, कॅनडासाठी मात्र लागतो. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत द्यावी लागते, तेव्हा भुसावळहून रात्रीची गाडी धरण्याची तयारी ठेवावी.

तिकीट फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. ओळखीतल्या कुणाच्या भरवशावर पैसे देऊ नयेत, मग तो भाऊबंद का असेना. विमानाच्या तिकिटावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लिहिण्याची रीत असल्याने नेमका तेथेच घोळ होतो. यजमान शहरांतील अंतरे म्हणजे भुसावळ-जळगाव नव्हे, म्हणून न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांसारखी रेल्वेने जोडलेली जवळची शहरे निवडणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.