पाण्यावरच्या हिरव्या टिकल्या

प्रश्न: पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठाला साबुदाण्याएवढ्या हिरव्या टिकल्या तरंगताना दिसल्या, शेवाळ आहे का हे?

उत्तर: शेवाळ नाही हो, बहुतेक डकवीड असणार, म्हणजे फुलं येणारी खरीखुरी वनस्पती! ओंजळीत घेऊन खालून बघा, प्रत्येक टिकलीला एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना, मुळांचा झुपका आणि खालची बाजू जांभळट असेल तर स्पायरोडेला, आणि मूळच नाही, रव्याएवढे दाणे असतील तर वोल्फिया, जगातली सगळ्यात छोटी फुलझाडं हीच, मला तर फार आवडतात. बारीक खवल्यांची, लालसर झाक असलेली असेल तर मात्र अझोला, ते नेचं, म्हणजे फुलं न येणारं फर्न. संथ पाणी आणि सांडपाण्यातलं नत्र-फॉस्फरस मिळालं की ही भराभर पसरतात, वाहत्या पाण्यात टिकत नाहीत.