एपी किती घ्यायचे? यूसी प्रवेशाबद्दल पालकांचे (आणि एका आजोबांचे) प्रश्न

पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म शाळेतून आले की माझा इनबॉक्स भरतो. यंदाचे बहुतेक प्रश्न यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), म्हणजे बर्कली-लॉस एंजेलिसपासून मर्सेडपर्यंत पदवीचे ९ कॅम्पस चालवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचे आहेत. त्यातले पाच घेते. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय.

मुलगी दहावीत आहे. तिच्या मैत्रिणी अकरावीत पाच-पाच एपी घेणार आहेत, ही तीनच म्हणतेय. कमी पडतील का? (एक आई, फ्रीमाँट)

आधी हिशेब करू, घाबरायचं की नाही ते मग ठरवू. यूसी जीपीए (ग्रेडच्या गुणांची सरासरी) काढते ती नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेडवर, आणि तेही फक्त ए-जी यादीतल्या, म्हणजे यूसीला प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या. ए-ला ४, बी-ला ३, सी-ला २. प्लस-मायनस धरत नाहीत, ए-मायनस म्हणजेही ए-च. एपी किंवा यूसीमान्य ऑनर्स (शाळेतल्याच वरच्या पातळीच्या) विषयात सी किंवा त्याहून वरचा ग्रेड मिळाला की एक गुण जादा. मात्र हा जादा गुण फार तर ८ सेमिस्टरना मिळतो, त्यातही दहावीची ४-च धरतात. वर्षभराचा एक एपी म्हणजे २ सेमिस्टर, म्हणजे चार एपी झाले की डबा भरला.

समजा, दोन वर्षांत सहा-सहा विषय, म्हणजे सेमिस्टरचे मिळून २४ ग्रेड, एपी चार, आणि ग्रेडमध्ये १८ ए, ६ बी. ७२ अधिक १८, झाले ९०. त्यावर जादा ८, एकूण ९८. भागिले २४, म्हणजे ४.०८. आता मैत्रीण घ्या. विषय तेवढेच, एपी सात, पण ओढाताणीत चार ए-चे बी झाले. ५६ अधिक ३०, वर तेच ८, एकूण ९४. जीपीए ३.९२.

पण म्हणून ‘चारच पुरेत’ असंही ठरवू नका. अर्ज वाचणाऱ्यांपुढे मर्यादा न लावलेला जीपीएही असतो, आणि एकूण किती अवघड विषय घेतले, बारावीत काय घेतलंय, हेही दिसतं. मुख्य म्हणजे शाळेत काय उपलब्ध होतं त्याच्याशी ते ताडून पाहतात. तुमच्या शाळेत वीस एपी असतील तर तीन म्हणजे भरमसाट नाहीत, पण ते योग्य असतील तर अकरावीत तीन आणि बारावीत तीन-चार हा चांगला आराखडा आहे. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि फिजिक्स सोडून ‘सोपा पडतो’ म्हणून भलताच एपी घेणं मला पटत नाही.

एका घरी फ्रिजवर मुलाचं वेळापत्रक लावलेलं पाहिलं होतं. रात्री साडेअकरा ते साडेबारा: हिस्टरी नोट्स. त्याखाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, ‘आणि झोप?’ अक्षर धाकट्या बहिणीचं होतं. त्या घरात हा प्रश्न तिलाच पडला होता.

मुलाला एपी फिजिक्समध्ये पहिल्या सेमिस्टरला सी आला. विषय सोडू दे का? (एक बाबा, सॅन रमोन)

सी-चे २ आणि जादाचा १ मिळून ३ गुण होतात, म्हणजे साध्या वर्गातल्या बी-इतके. आभाळ कोसळलेलं नाही. पण सी मिळालेला विषय पुन्हा घेतला तरी नवा ग्रेड यूसी धरत नाही. ती मुभा डी आणि एफ-लाच आहे, आणि डी-ला जादा गुणही नाही. त्यामुळे खरा प्रश्न दुसऱ्या सेमिस्टरचा आहे. शिक्षकांना सरळ विचारा, हा बी-कडे जातोय की डी-कडे? डी-कडे जात असेल तर शाळेची मुदत पाहून साध्या वर्गात बदलून घ्या. हे बारावीत, अर्ज गेल्यावर घडलं तर यूसीला कळवावं लागतं. प्रवेशपत्र हातात आलं तरी ते सशर्तच असतं, बारावीतल्या डी-मुळे ते परत घेतलं जाऊ शकतं.

नातवाला सॅटमध्ये १५५० आहेत आणि सून म्हणते त्याचा यूसीला उपयोग नाही. मग हे लोक हुशारी मोजतात तरी कशाने? (एक आजोबा, पुण्याहून सध्या सनीवेलला)

आजोबा, सूनबाईंचं खरं आहे. मे २०२० मध्ये यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, सॅट-एसीटी या परीक्षा टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं, आणि २०२१ पासून प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाहीत. दिले तरी निवड करणाऱ्यांपुढे जात नाहीत. आपल्याकडे जेईईचा रँक लागला की विषय संपला. इथे तेरा निकष एकत्र वाचतात: ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, घरची आणि शाळेची परिस्थिती, शाळेबाहेर केलेलं काम. शिवाय आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांत. मी वाचलेल्या मसुद्यांत तबला आणि रोबोटिक्सचा सुळसुळाट असतो. लक्षात राहिला तो एक मुलगा, ज्याने आजीच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी भरण्याबद्दल लिहिलं होतं. कोणती गोळी कशावर, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. नातवाला तुमच्याबद्दल लिहायला सांगू नका, पण त्याच्या आयुष्यात असं काही असेल तर ते त्याला दिसू दे.

मला यूसीत कॉम्प्युटर सायन्स हवंय, पण ग्रेड तेवढे नाहीत. कम्युनिटी कॉलेजला जाईन म्हटलं तर घरी ‘लोक काय म्हणतील’ चालू आहे. (अकरावीतली एक मुलगी, क्यूपर्टिनो)

अगं, घरच्यांना एवढंच विचार, पदवीच्या कागदावर पहिली दोन वर्षं कुठे काढली ते लिहितात का? दी आन्झा हे कम्युनिटी कॉलेज तुझ्या घराजवळच आहे. तिथे पहिली दोन वर्षं करून यूसीत बदली घेणाऱ्यांसाठी टॅग नावाची हमी आहे. अटी पूर्ण केल्यास डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांपैकी एका कॅम्पसवर जागा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. हमी प्रत्येक कॅम्पसवर प्रत्येक विषयाला मिळत नाही, आणि कॉम्प्युटर सायन्सला तर ही पंचाईत हमखास होते. म्हणून कॅम्पसची यादी विषयासकट बघ. ‘आधी सोप्या विषयाला शिरू, मग सीएसमध्ये जाऊ’ हा सल्ला पार्टीत कुणी काका देतील, तो ऐकू नकोस. मागणी असलेल्या विषयांत मागाहून शिरणं बर्कलीसारख्या ठिकाणी फार अवघड आहे.

हायस्कूलमध्ये असतानाच उन्हाळ्यात दी आन्झात एखादा कोर्स करायचा असेल तर कर. तो यूसीला चालणारा असेल तर एपीसारखा जादा गुण त्याच ८-च्या मर्यादेत मिळतो. मात्र तो ग्रेड कॉलेजच्या नोंदीत कायमचा राहतो, हे लक्षात ठेव.

शनिवार-रविवारच्या मराठी शाळेचा परकी भाषा म्हणून उपयोग होतो का? (एक आई, सॅन होजे)

होऊ शकतो, आपोआप नाही. यूसीला इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेची दोन वर्षं लागतात, तीन असलेली बरी. मराठी शाळेचं क्रेडिट तुमचा शाळांचा डिस्ट्रिक्ट ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) घेतो का, किंवा प्राचार्य भाषेच्या पातळीचा दाखला देतात का, हे काउन्सेलरना लेखी विचारा, आणि ते नववीतच. बारावीच्या सप्टेंबरात विचाराल तर स्पॅनिशच्या वर्गातली जागाही गेलेली असेल.