शेजारचा मूग निघाला म्हणून कपाशीवर फवारा मारू नका

प्रश्न (पारोळा-अमळनेर भागातून): बांधापलीकडचा मूग उपटल्यावर आमच्या कपाशीच्या कडेच्या ओळींत काळसर अळ्या एकदम वाढल्या. दुकानदार दोन औषधे मिसळून मारायला सांगतो. मारावीत का?

उत्तर: मारू नका. मगरीसारख्या दिसणाऱ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या त्या अळ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड बीटल, पिकाचा मित्रकीडा) आहेत. मुगावरच्या काळ्या माव्यावर (रस शोषणारी बारीक कीड) त्या पोसल्या, मूग निघाला तशा बांध ओलांडून तुमच्याकडे आल्या. कपाशीचे पान त्या खात नाहीत, मावा खातात. मुगाचा मावा येऊन कपाशीचे नुकसान करेल ही भीतीही खोटी. काळा मावा कपाशीवर सहसा टिकत नाही. पांढरी माशी मात्र येते, तेवढी बघा.

मूग निघाल्यावर ५-७ दिवस कोणतेही कीटकनाशक नको. मग मोजणी करा. कडेच्या ४-५ ओळींत गर्दी दिसणारच, त्या सोडून आतली २० झाडे, प्रत्येकाची वरचे, मधले, खालचे अशी ३ पाने उलटून बघा. सरासरी पानामागे तुडतुडे २-३, फुलकिडे १० किंवा पांढरी माशी ८-१० असेल तरच औषधाचा विचार, तोही आधी ५ टक्के निंबोळी अर्काचा. तुडतुडे तरीही हटले नाहीत तर फ्लोनिकॅमिड ५० टक्के, एकरी ६० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात. वजन करून घ्या, झाकणाने नको. ‘पंपाला थोडे जास्त’ नको. दुकानदाराचे मिश्रण तर नकोच: त्यात बहुधा पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) असते, त्याने ढालकिडे मरतात आणि पांढरी माशी उलट फोफावते.

ज्यांचा मूग अजून उभा आहे त्यांनी कपाशीपासून लांबच्या टोकाकडून उपटत यावे, कपाशीलगतच्या ३-४ ओळी शेवटी काढाव्यात. शेंगा तोडून झाल्यावर लगेच रोटाव्हेटर घालू नका. झाडे बांधालगत ४-५ दिवस पातळ पसरून ठेवा, ढीग नको. अळी चालत जाते, पण पानाला चिकटलेल्या कोषाला हलता येत नाही. ढालकिडा बाहेर पडायला एवढे दिवस लागतात. शेत एकदम वाळावे म्हणून उभ्या मुगावर तणनाशक अजिबात मारू नका: मित्रकिडींचा निवारा जातो आणि दाण्यात अंश राहतो.

पुढच्या हंगामात कपाशीभोवती चवळीची एक ओळ लावाच. मूग निघाला तरी ढालकिड्यांना थारा राहतो, बियाण्याचा खर्चही किरकोळ. शेतीच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. सध्या कशाला अनुदान आहे ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.